पट्ट्याला कुंकू लावणारी नवसाबाई

पोते वर चढत होते, आणि त्याच्याखाली माणूस नव्हता!

नवसाबाईने डोळे चोळले. हातातली केरसुणी छातीशी धरली आणि पुन्हा पाहिले. शंभर किलो गव्हाचे भरले पोते. आजवर त्याच्याखाली कुणाची तरी मान वाकली होती, कुणाचे तरी गुडघे थरथरले होते, कुणाच्या तरी भुवईवरून घाम निथळला होता. तेच पोते आज काळ्या रबरी पट्ट्यावर आडवे पहुडून, पालखीत बसलेल्या देवाच्या थाटात वर निघाले होते. खाली मेस्त्रीने चालू केलेली मोटार घुमत होती, पट्टा आपल्याच नादात फिरत होता. पोते थप्पीच्या माथ्यापर्यंत गेले, क्षणभर डुलले आणि अलगद थप्पीवर उतरले.

"अगं बाई, गेलं की वर!" नवसाबाई ओरडलीच. ओरडली आणि एकटीच टाळ्या पिटू लागली.

बाकी साऱ्या गोदामात एकही हात हलला नाही.

साल एकोणीसशे ब्याऐंशी. नवरात्राची घटस्थापना झालेली. नाशिकरोडच्या मालधक्क्यापलीकडे, उंच पत्र्यांच्या छपराखाली ते धान्याचे गोदाम उभे होते. मालधक्क्यावरून ट्रक भरून येत, गोदामात रिकामे होत, आणि पुन्हा भरून चांदवडकडे, सटाण्याकडे, दिंडोरीकडे पांगत. हे सारे भरणे आणि रिकामे करणे रावजी मुकादमाच्या टोळीच्या पाठीवर होते. टोळीतले गडी दाराशी उभे राहून पट्ट्याकडे पाहत होते. घरात शिरलेल्या आगंतुकाकडे पाहावे, तसे.

"वहिनी, टाळ्या कसल्या पिटता?" गोटीराम म्हणाला. टोळीत थट्टेला तोच पुढे. "आपल्याच मयताला आपणच ताशा वाजवावा, तसं झालं हे."

नवसाबाईचे हात थांबले. पण डोळे थांबेनात. तिला त्या पट्ट्यावर पोते दिसतच नव्हते. तिला दिसत होती एक पाठ. रुंद, तांबूस, उन्हाने रापलेली. तिच्या गेणूची पाठ.

गेणू! या गोदामाने ऐकलेला सर्वांत मोठा आवाज. टोळीची हाळी तो देत असे. "धर गड्या!" असे त्याने म्हणावे, आणि साऱ्या टोळीने "धरला!" म्हणून पोते उचलावे. "चाल गड्या!" म्हणावे, आणि "चाललो!" म्हणत पावले पडावीत. टाळावर जसा अभंग चालतो, तशी त्या हाळीवर टोळी चाले. श्वास एक, पाऊल एक, ओझे एक. हाळी असली की पोते हलके होते, असे गडी शपथेवर सांगत. पण एके दिवशी थप्पीला टेकवलेली फळी सरकली. गेणू वरून खाली आला आणि त्याच्या मागोमाग पोते आले. जीव वाचला, कंबर गेली. तेव्हापासून गेणू घराच्या उंबऱ्यात बसून फाटकी पोती शिवतो. हातात दाभण, समोर सुतळी, आणि मागे कुडाला टेकलेली ती पाठ.

नवसाबाईला गोदामात बोलावले ते टोळीनेच. हमालाच्या हातात लोखंडी आकडा असतो. तो पोत्यात खुपसला म्हणजे पकड मिळते, पण पोत्याला भोक पडते आणि भोकातून दाणे सांडतात. ते दाणे झाडून, सुपात पाखडून, खडा-माती वेगळी करून जे निघेल ते झाडणारीचे, ही गोदामाची रीत. "गेणूच्या घरची चूल विझता कामा नये," असे म्हणून रावजी मुकादमाने तिच्या हाती केरसुणी दिली होती. फाटलेली पोती गेणूकडे जात, सांडलेले दाणे नवसाबाईकडे. आकड्याने पाडलेल्या भोकांवर त्या दोघांचे घर उभे होते.

आणि पट्ट्याचा पहिला नियमच होता, की आकडा नको! आकड्याचे टोक लागले तर रबर फाटेल.

गोदामबाबू सबनीस माणूस वाईट नव्हता. त्याने नवसाबाईला बाजूला घेतले आणि चष्मा पुसत पुसत सांगितले, "नवसाबाई, तुमच्यापाशी लपवून काय करू? आकडे बंद, म्हणजे भोकं बंद. सांडणारच नाही, तर झाडायचं काय? दिवाळीनंतर तुम्हाला इथं बोलावता येईल, असं दिसत नाही."

"आन् गड्यांचं?"

"काही राहतील, काही जातील. पट्टा चालवायला टोळीतलाच एक माणूस शिकवायचा आहे. पण रावजी ऐकेल तर ना!"

रावजी ऐकणारा नव्हताच. पांढऱ्या मिशांचा, ताठ मानेचा तो म्हातारा गोदामाच्या दारात उभा राहून गरजला, "ज्याला घाम येत नाय, त्याच्यासंगं आमी काम करीत नाय! टोळीतला जो कोणी या पट्ट्याला हात लावील, त्याचा आकडा मी मालधक्क्याच्या रुळावर फेकून देईन!"

झाले! पट्टा दाराजवळच्या कोपऱ्यात गेला. त्याच्यावर ताडपत्री पडली. पोती पुन्हा पाठीवरून चढू लागली.

सांजेला नवसाबाई घरी आली ती वाऱ्यासारखी. गेणू उंबऱ्यात पोते शिवत होता. ती सूप खाली ठेवते न ठेवते, तोच बोलू लागली. हातवारे करीत, डोळे मोठे करीत, मध्येच मोटारीचा आवाज काढीत. गेणूने सारे ऐकून घेतले आणि गंभीर चेहऱ्याने विचारले,

"वर पोचल्यावर धापा टाकतं का गं?"

"आवो, धापा कसल्या!"

"पाणी मागतं?"

"नाय."

"तंबाखू?"

"आता गप बसता का!"

"मंग ते कसलं हमाल!" गेणू म्हणाला, आणि दोघेही हसत सुटले. हसता हसता नवसाबाईने सबनीसबाबूचे बोलणे सांगितले. आकडे बंद, भोके बंद, झाडण बंद. गेणूच्या हातातले दाभण पोत्यात तसेच अडकून राहिले.

"म्हंजे तुझंबी गेलं, माझंबी गेलं," तो हळू आवाजात म्हणाला. "आन् तू टाळ्या पिटून आली? खुळी का शानी?"

नवसाबाई त्याच्याजवळ बसली. कुडाला टेकलेल्या त्या पाठीवर तिने हात ठेवला.

"खुळी म्हना. पर ते पोतं वर जाताना बघितलं, आन् मला वाटलं, हे आदी आलं असतं, तर ही पाठ आज सरळ असती. गोटीरामभावजींची पाठ अजून सरळ हाय. त्यांच्या घरातबी एक बाई हाय, सांजच्याला वाट बघती. मी टाळ्या पिटू नको, तर काय रडू?"

गेणूने दाभण पोत्यातून काढले आणि बाजूला ठेवले. त्या सांजेला त्याने पुन्हा ते हातात घेतले नाही.

आणि उजाडली खंडेनवमी.

अहो, काय तो दिवस! कालिकेच्या यात्रेचे भोंगे सकाळपासून वाजत होते. घरोघरी झेंडूच्या माळा, दारोदारी शेणाचे सडे. ज्या हत्यारावर आपले पोट, त्या हत्याराची आज पूजा. सुताराने करवत पुजावी, न्हाव्याने वस्तरा पुजावा, गवळ्याने चरवी पुजावी. रावजीच्या टोळीने गोदामाची ओसरी धुऊन काढली, पाट मांडला, आणि पाटावर सारे आकडे राखेने घासून ओळीने ठेवले. दाभणे ठेवली, तराजू ठेवला, फळी ठेवली. एका कडेला नवसाबाईची केरसुणी आणि सूप.

या टोळीची पूजेची एक रीत होती, आणि ती रावजीच्या आजापासून चालत आलेली. मुकादमाने एकेका हत्याराकडे बोट दाखवायचे आणि विचारायचे, "हे कोणाचं?" ज्याचे असेल त्याने पुढे यायचे, त्या हत्याराला कुंकू लावायचे आणि म्हणायचे, "माझं. वरीसभर माझं." एकदा असे म्हटले की वर्षभर ते हत्यार दुसऱ्या कुणी त्याच्या हातून घ्यायचे नाही. मुकादमानेसुद्धा नाही. आणि कुंकू लागलेल्या हत्याराला टोळीने पाठ दाखवायची नाही. देवीपुढचा शब्द होता तो. तो मोडला, असे आजवर घडले नव्हते.

"हे कोणाचं?"

"माझं. वरीसभर माझं."

"हे कोणाचं?"

"माझं. वरीसभर माझं."

आकडे झाले, दाभणे झाली, तराजू झाला. केरसुणीची पाळी आली. "हे कोणाचं?" नवसाबाई पुढे झाली. तिने कुंकवात बोट बुडवले. पण बोट केरसुणीपर्यंत गेलेच नाही. ते तसेच उंच राहिले, आणि साऱ्यांच्या देखत ती ओसरीवरून उठली. कोपऱ्यात गेली. ताडपत्रीचे टोक धरून तिने एक हिसका दिला.

पट्टा उघडा पडला. सकाळच्या उन्हात त्याचे लोखंड लखलखले.

"नवसा!" रावजी ओरडला. "तिकडं काय करती तू?"

या टोळीने तिला उभे केले होते, आणि आज ती टोळीच्या मुकादमासमोर उभी होती. तिने मनातल्या मनात चांदवडच्या रेणुकामातेला हाक मारली. पट्ट्याच्या डब्यावर हिरवा आणि लाल असे दोन खटके होते. त्यांच्या वर, बरोबर मधोमध, तिने कुंकवाचे बोट टेकवले.

"माझं," ती म्हणाली. मग ती पुन्हा, साऱ्या ओसरीला ऐकू जाईल असे म्हणाली, "माझं! वरीसभर माझं!"

एकच कल्लोळ उडाला.

"बाईमानसानं मशीन चालवायचं?"

"टोळीनं वाळीत टाकलेलं हाय ते!"

"वहिनी," गोटीराम म्हणाला, "आमी त्याला मूठमाती द्यायला निघालो, आन् तुमी त्याचं लगीन लावून मोकळ्या झाल्या!"

काही जण हसले. रावजी हसला नाही. तो पुढे आला, तिच्यासमोर उभा राहिला. "हे टोळीचं हत्यार नाय."

"रावजीभाऊ, तुमी इचारलं, हे कोणाचं. मी सांगितलं."

"मी केरसुणीचं इचारलं."

"केरसुणी दिवाळीला जानार हाय. जिला दिवाळीपलीकडं काम नाय, तिला वरीसभर माझी म्हणू कशी? देवीपुढं खोटं बोलू?" तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले, पण मान खाली गेली नाही. "पोतं पाठीवर घ्यायला बाईची पाठ पुरत नव्हती, म्हणून मी झाडत ऱ्हायले. खटका दाबायला बोट पुरतंय. आन् माझ्या घरात एक पाठ मोडलेली हाय, भाऊ. दुसरी मोडू नये, म्हणून मी हात लावते. फेका माझी केरसुणी रुळावर."

रावजीची मिशी हलली. त्याने पट्ट्याकडे पाहिले, कुंकवाकडे पाहिले, देवीच्या तसबिरीकडे पाहिले. एका बाजूला त्याचा राग होता, दुसऱ्या बाजूला आजाची रीत होती. मग त्या म्हाताऱ्याने झेंडूची माळ उचलली, चालत गेला आणि पट्ट्याच्या लोखंडी मानेत ती घातली.

"कुंकू लागलं," तो म्हणाला. "आता ते नवसाचं. नवसाचं म्हंजे टोळीचं. टोळीच्या हत्याराला टोळी पाठ दावत नाय. फोड रे गोटीराम नारळ! आन् पाणी त्या मोटारीवर सांडू नको, नायतर आजच सुतक!"

दसऱ्याचे सोने लुटून झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हाचा पहिला ट्रक फाटकातून आत शिरला, तेव्हा बारदानाच्या हातगाडीवर बसून आणखी एक माणूस आत आला होता. गेणू! कंबर मोडल्यापासून त्याने या फाटकात पाऊल ठेवले नव्हते. "बायको मशीन चालवनार, आन् मी घरी बसून काय भिंती बघू?" असे म्हणून तो आला होता. गड्यांनी त्याला रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर बसवले. पाठीला एक भरले पोते टेकवले. वर पाहून तो म्हणाला, "पत्रे तेच हायेत. बरं वाटलं."

पट्टा बसवून देणाऱ्या मेस्त्रीने नवसाबाईला हिरवा खटका दाखवला, लाल दाखवला, आणि तो बाजूला झाला. सबनीसबाबू दाराशी उभा. "वरचे साहेब काय म्हणतील कोण जाणे," असे पुटपुटत. नवसाबाईने पदर खोचला, खटक्याला नमस्कार केला आणि हिरवा दाबला.

घुंऽऽऽ!

पट्टा निघाला. आणि खालच्या गड्यांचे हात सुटले! पोत्यामागे पोते, पोत्यामागे पोते. पाठीवरचे ओझे गेले, तसे हातांना भानच राहिले नाही. वर थप्पीवर दोन गडी होते. एक पोते घ्यावे, तोच दुसरे अंगावर. "सावकाश रं!" ते वरून ओरडत होते. मोटारीच्या आवाजात कोण कुणाचे ऐकणार? आणि त्या घाईत जे व्हायचे तेच झाले. गोटीरामच्या हाताला उभ्या जन्माची सवय. नियम विसरून त्याने आकडा खुपसूनच पोते उचलले, पट्ट्यावर फेकले, आणि आकडा पोत्यातच राहिला. लोखंडी टोक खाली वळलेले, रबरावर घासत घासत वर चाललेले!

नवसाबाईची नजर वर्षानुवर्षे पोत्याच्या बुडाशी राहिलेली. कुठून सांडते, कुठे गळते, हेच तर ती पाहत आली होती. तिला ते टोक दिसले. पट्ट्याखाली फिरणाऱ्या पुढच्या रुळात ते अडकणार, पट्टा फाटणार, वर उभ्या गड्याच्या अंगावर सारे उसळणार!

तिने तळहात लाल खटक्यावर आपटला.

पट्टा थांबला. गोदाम थांबले. आकडा रुळापासून वीतभर अलीकडे लोंबकळत राहिला.

"भावजी," नवसाबाई म्हणाली. "तुमचा दागिना काढून घ्या."

गोटीरामने आकडा काढला. तोंड पांढरे पडले होते, तरी जीभ जागेवर होती. "वहिनी, नव्या नवरीला जुनी सवत चावली हो!"

पण हसू पिकले नाही. आता काय? हात भ्यायले होते. सबनीसबाबूने मान हलवली. पट्ट्याला बळ होते, पण ताल नव्हता. खालच्याला वरचे कळेना, वरच्याला खालचे. शंभर किलोचे पोते लोखंड वाहून नेत होते, आणि माणसे एकमेकांपासून तुटली होती. तुम्ही टाळ काढून घ्या आणि मग म्हणा, गा आता अभंग! कसा गातील?

तेव्हा पोत्यांच्या ढिगावरून आवाज उठला.

"धर गड्याऽऽऽ!"

त्या पत्र्यांनी तो आवाज किती काळानंतर ऐकला! कंबर मोडली होती, कंठ मोडला नव्हता. सारे गडी वळले. रावजी मुकादमाच्या हातातली काठी खाली पडली.

"धर गड्या, म्हनतो मी! कान गेले का पाठी वाचल्या तवा?"

"धरला!" गोटीराम ओरडला आणि त्याने पोते उचलले. आकड्याविना, दोन्ही हातांनी.

"ठेव गड्याऽऽ!"

"ठेवला!"

गेणूने नवसाबाईकडे पाहिले. लग्नानंतर पहिल्यांदा तिला त्याच्या डोळ्यांत हाळीवाल्याचा तो हुकूम दिसला, जो टोळीला रोज दिसत असे. त्याने हात उंच केला.

"चाल गड्याऽऽऽ!"

"चाललो!" साऱ्या टोळीने साद दिली, आणि त्याच सादेवर नवसाबाईने हिरवा खटका दाबला. पोते निघाले, वर गेले. वरून "घेतलं!" आले, आणि मगच खाली पुन्हा "धर गड्या!" असे ते चालू झाले! मोटारीने तंबोऱ्यासारखा षड्ज धरला, गेणूने पद उचलले, टोळीने पालुपद झेलले. गव्हाची धूळ कवडशांत सोन्यासारखी नाचू लागली. ट्रक कधी रिकामा झाला, कुणाला कळले नाही. ड्रायव्हर चहाचा पेला हातात धरून तसाच उभा राहिला.

सबनीसबाबूने चष्मा काढून पुसला. "नवसाबाई," तो म्हणाला, "दिवाळीनंतरही तुम्हीच. वरच्या साहेबांना मी सांगेन. आणि हा हाळीवालाही हवा."

"आन् बाकीचे?" रावजीने विचारले. तो पुढे आला होता. "कीर्तनात ऐकलंय मी, बाबू. देवानं गोवर्धन करंगळीवर उचलला, तवा गोपाळांनी खालून काठ्या लावल्या. देवाला काठ्यांची गरज नव्हती. पर तो म्हनला नाय, की काढा त्या काठ्या. तुमची करंगळी आली. आमच्या काठ्या काढू नका."

खोटे कशाला सांगावे? पुढच्या वर्षांत टोळी आटली. कुणी सातपूरच्या कारखान्यांच्या फाटकावर उभा राहिला, कुणी लासलगावच्या कांद्याच्या ढिगांकडे गेला. पट्ट्याने पाठी वाचवल्या, साऱ्या पोटांना मात्र तो पुरला नाही. जाणाऱ्या प्रत्येकासाठी रावजी सबनीसबाबूच्या दारात भांडला. काहींना त्याने परत आणले, काहींना आणू शकला नाही. नवसाबाईने हे कधी विसरू दिले नाही. नवा गडी घ्यायची वेळ आली, की खटक्यावरून हात न काढता ती म्हणे, "आदी गेलेल्यांना हाका मारा."

पण तो पहिला दिवस! त्या दिवशी दुसरा ट्रक फाटकात भोंगा वाजवत आला, तेव्हा गेणूचा घसा कोरडा पडला होता. "अगं," तो ढिगावरून म्हणाला, "घोटभर पानी तरी दे."

"माझे हात गुंतल्यात," नवसाबाई म्हणाली. कपाळावर घाम, घामावर गव्हाची धूळ. रावजीने तिच्याकडे टक लावून पाहिले. पट्ट्याला घाम येत नव्हता, पट्टेवालीला येत होता. म्हातारा माठाकडे गेला आणि स्वतःच्या हाताने तांब्या भरून गेणूला दिला. गेणू पाणी प्यायला, त्याने मिशा पुसल्या, छाती भरून श्वास घेतला. नवसाबाईचे बोट हिरव्या खटक्यावर, वाट पाहत.

"धर गड्याऽऽऽ!"